प्रस्तावना: अर्ध्या हार्मोनची साक्ष

मूत्राशयाच्या कर्करोगातल्या काही पेशी एक असे प्रथिन तयार करतात, जे एरवी गरोदर स्त्रीच्या वारेत भरपूर प्रमाणात बनते. साठी-सत्तरीतल्या पुरुषाच्या रक्तात आणि लघवीत ते सापडते. ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन, म्हणजे दवाखान्यात ज्याला सगळे एचसीजी म्हणतात, त्या हार्मोनचा हा एक भाग आहे. औषधाच्या दुकानातून आणलेल्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते आणि घरात दिवस राहिल्याचे कळते, ते याच हार्मोनमुळे. ज्या शरीरात गर्भ असण्याचा प्रश्नच येत नाही, त्या शरीरात ते काय करत असावे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

वैद्यकशास्त्राने या प्रश्नाचे एक सोपे उत्तर बरीच वर्षे वापरले. कर्करोगाच्या पेशीचा कारभार विस्कळीत होतो, एरवी बंद असलेली जनुके उघडतात, आणि मग काहीबाही प्रथिने बाहेर पडतात. त्यांतलेच हेही एक. थोडक्यात, हा कचरा आहे, आणि कचऱ्याचा उपयोग एवढाच की तो दिसला तर घरात कोणी आहे हे कळते. मला हे उत्तर अपुरे वाटते. उपलब्ध पुरावा पाहिला तर ही पेशी हा अर्धा हार्मोन नुसता सांडत नाही, त्याच्यावर जगते. हे एकदा मान्य केले की या चाचणीला कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणता विचारायचा नाही, हे बदलते. पुस्तकाचा सगळा रोख मला तिथे दिसतो, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबवतो आहे.

आधी रोगाविषयी. 2022 साली जगात मूत्राशयाच्या कर्करोगाचे सहा लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे 2,20,000 माणसे त्याने दगावली. पुरुषांमध्ये तो स्त्रियांच्या कितीतरी पट आढळतो. सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूर. धुरातली रसायने रक्तातून मूत्रपिंडात गाळली जातात आणि लघवीबरोबर तासन् तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहतात. दुसरे जुने कारण रंगांच्या कारखान्यांतले. 1895 साली फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी फुक्सिन रंग बनवणाऱ्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी दाखवून दिल्या, आणि धंद्यामुळे होणाऱ्या कर्करोगांच्या इतिहासात ते निरीक्षण कायमचे जाऊन बसले.

बहुतेकांत रोगाचे पहिले लक्षण म्हणजे लघवीतून रक्त जाणे, तेही दुखल्याशिवाय. दुखत नाही म्हणूनच घात होतो. आपल्याकडे उन्हाळी लागली असेल, उष्णता वाढली असेल, खडा असेल, असे म्हणून धण्या-जिऱ्याच्या पाण्यावर महिने काढले जातात. मध्ये रक्त आपोआप थांबते आणि बरे वाटले अशी समजूत होते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या लघवीत एकदा जरी रक्त दिसले तरी तपासणी टाळू नये, हे या पुस्तकाच्या कुठल्याही पानावर लिहावे इतके महत्त्वाचे आहे.

सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत निदानाच्या वेळी गाठ अस्तरापुरतीच असते, खालच्या स्नायूत उतरलेली नसते. ती दुर्बिणीतून खरवडून काढता येते. पण ती पुन्हापुन्हा उगवते, आणि म्हणून रुग्णाला वर्षानुवर्षे, दर काही महिन्यांनी, लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून घ्यावी लागते. ही तपासणी ज्यांनी सोसली आहे त्यांना त्याऐवजी नुसती लघवी तपासून भागावे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. जॉर्ज पापानिकोलाऊ आणि व्हिक्टर मार्शल यांनी 1945 मध्ये लघवीच्या गाळातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कर्करोग ओळखण्याची रीत मांडली. ती आक्रमक गाठी चांगल्या पकडते, सौम्य गाठी बऱ्याचदा सोडून देते. त्यानंतर एकामागून एक प्रथिने या कामासाठी पुढे आली. बीटा एचसीजीही (या अर्ध्या हार्मोनचे हेच नाव) त्याच रांगेत उभे केले गेले, आणि त्या रांगेत ते नापास झाले. रांग चुकीची होती, असे माझे म्हणणे आहे.

एचसीजीचा इतिहास लघवीपासूनच सुरू होतो. बर्लिनमध्ये सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस गरोदर स्त्रीची लघवी लहान माद्या उंदरांना टोचली. काही दिवसांनी त्या उंदरांची बीजकोशे उघडून पाहिली तर ती वेळेआधीच परिपक्व झालेली दिसली. गरोदरपणाची पहिली विश्वासार्ह प्रयोगशाळेतली चाचणी अशी आली. उंदराच्या स्वतःच्या शरीरात हे हार्मोन बनतच नाही. त्याचे जनुक माणूस आणि त्याच्या जवळच्या वानरकुळापुरते आहे. तरी उंदराची बीजकोशे त्याला प्रतिसाद देतात, कारण ते ल्युटिनायझिंग हार्मोन या जुन्या हार्मोनच्याच घडणीचे आहे. पुढे याच गोष्टीने संशोधकांची मोठी अडचण केली: जो प्राणी कर्करोगाच्या प्रयोगशाळांमध्ये सर्वांत जास्त वापरला जातो, त्याच्यात या जनुकाचा आजार नैसर्गिकरीत्या बघताच येत नाही.

झोंडेक यांनी लवकरच वृषणाच्या काही गाठी असलेल्या पुरुषांच्या लघवीतही हे हार्मोन दाखवले. म्हणजे कर्करोग आणि गरोदरपणाचे हार्मोन यांचा संबंध चाचणीच्या जन्मापासूनचा आहे. पण त्या संबंधाचा खरा उपयोग कसा करायचा हे शिकवले ते मिन चिऊ ली यांनी, आणि त्यांच्या कामापाशी मी थोडा थांबणार आहे.

ली अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत काम करत होते. कोरिओकार्सिनोमा हा वारेच्या पेशींपासून होणारा कर्करोग तेव्हा तरुण स्त्रियांना काही महिन्यांत नेत असे. ली यांनी रॉय हर्ट्झ यांच्याबरोबर मेथोट्रेक्सेट हे औषध देऊन पाहिले आणि फुप्फुसांतल्या गाठी एक्स-रेवर दिसेनाशा झाल्या. 1956 मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. त्यांचे वेगळेपण त्याच्यापुढे आहे. गाठी दिसेनाशा झाल्या तरी लघवीतले एचसीजी शून्यावर आलेले नव्हते. ली यांनी ठरवले की हार्मोन आहे तोवर रोग आहे, आणि ते औषध देत राहिले. ज्या स्त्रीच्या अंगावर रोगाची एकही दृश्य खूण उरलेली नाही तिला इतके विषारी औषध देणे सहकाऱ्यांना मान्य झाले नाही, आणि ली यांना ती संस्था सोडावी लागली. नंतरच्या वर्षांत स्पष्ट झाले की गाठ दिसेनाशी होताच जिचे औषध थांबवले तिचा रोग परतला, आणि हार्मोन नाहीसे होईपर्यंत जिला औषध मिळाले ती बरी झाली. 1972 साली ली यांना इतरांसह लास्कर पुरस्कार मिळाला. डोळ्यांना किंवा एक्स-रेला न दिसणारा रोग एका आकड्यावरून ओळखून त्यावर उपचार करणे, ही कल्पना कर्करोगशास्त्रात रुजली ती तिथून. मूत्राशयाच्या कर्करोगात आपण आज ज्यावर वाद घालतो आहोत त्याचे मूळ तिथे आहे.

आता या हार्मोनची घडण. एचसीजी दोन साखळ्यांचे मिळून बनते. अल्फा साखळी 92 अमिनो आम्लांची, आणि ती ल्युटिनायझिंग हार्मोन, फॉलिकलला वाढवणारे हार्मोन आणि थायरॉइडला चालना देणारे हार्मोन या तिघांतही जशीच्या तशी असते. बीटा साखळी 145 अमिनो आम्लांची, आणि एचसीजीची ओळख तिच्यात. तीही ल्युटिनायझिंग हार्मोनच्या बीटाशी फार मिळतीजुळती आहे. फरक प्रामुख्याने शेवटच्या लांब शेपटीत. म्हणून सुरुवातीच्या चाचण्या दोन्हींची गल्लत करत. 1972 मध्ये ज्युडिथ व्हायटुकायटिस, ग्लेन ब्राउनस्टाइन आणि ग्रिफ रॉस यांनी बीटा साखळी ओळखणारी रेडिओइम्युनोअसे तयार केली. तेव्हापासून रक्तातले थोडेसे एचसीजी, पिट्युटरीच्या हार्मोनच्या गोंगाटातूनही, वेगळे मोजता येऊ लागले. लगेचच इतर अवयवांच्या कर्करोगांमध्ये शोध सुरू झाला, आणि ते पोटाच्या, फुप्फुसांच्या, स्वादुपिंडाच्या, मूत्राशयाच्या काही रुग्णांत थोडेथोडे सापडत गेले.

मूत्राशयाबद्दलचे सर्वांत चिकाटीचे काम लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात झाले. तिथे टिम चार्ड यांची प्रयोगशाळा गरोदरपणातली प्रथिने मोजण्यात निष्णात होती. रे आइल्स त्या प्रयोगशाळेत होते, कर्करोगतज्ज्ञ टिम ऑलिव्हर यांच्याकडे रुग्ण होते, आणि मूत्ररोगतज्ज्ञ जॉन ब्लँडी यांची साथ होती. गर्भधारणेचा अभ्यास करणारे आणि कर्करोगावर उपचार करणारे एरवी एकमेकांच्या दारात जात नाहीत. इथे ते एका टेबलाशी बसले, आणि या विषयाचे नशीब उघडले ते त्यामुळे असे मला वाटते. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवून त्यांच्या द्रावात बीटा एचसीजी दाखवले. 1989 मध्ये रुग्णांच्या रक्ताचे आणि लघवीचे निष्कर्ष आले: अस्तरापुरत्या गाठींत ते क्वचित वाढलेले, शरीरात इतरत्र पसरलेल्या रोगात बहुसंख्य रुग्णांत वाढलेले. त्यानंतरच्या वेगवेगळ्या अभ्यासांतून एकंदर रुग्णांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत असा आकडा येत राहिला.

या पेशी बनवतात ती केवळ बीटा साखळी. अल्फा नाहीच. अडकित्त्याचे एकच पाते असावे तसे हे. सुपारी कातरली जात नाही. वृषणावर किंवा बीजकोशावर असलेल्या ग्राहीला धरायला दोन्ही साखळ्या जोडलेल्या लागतात, म्हणून मूत्राशयाचा कर्करोग झालेल्या पुरुषात बीटा वाढलेले असले तरी छाती वाढणे वगैरे हार्मोनची लक्षणे सहसा दिसत नाहीत. गरोदरपणाच्या पट्ट्याही मुख्यतः पूर्ण हार्मोनसाठी बनवलेल्या, त्यामुळे त्यांवरही भरवसा ठेवता येत नाही. लक्षण नाही, काम नाही, म्हणून ही साखळी निरुपयोगी, असा निष्कर्ष निघाला तो यातून.

1994 साली तो निष्कर्ष डळमळला. ग्लासगोच्या आणि न्यूयॉर्कच्या दोन गटांनी एचसीजीची स्फटिकरचना उलगडली. बीटा साखळीच्या मध्यभागी तीन सल्फर-बंधांची एक गाठ निघाली, आणि नेमकी तशीच गाठ चेतापेशींना जगवणाऱ्या, रक्तबिंबिकांतून सुटणाऱ्या आणि ट्रान्स्फॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर-बीटा या वाढ-घटकांत असते. हार्मोनच्या कुळातले समजले जाणारे प्रथिन वाढ-घटकांच्या कुळाचे नातेवाईक निघाले. अर्धवट साखळीने वाढ-घटकासारखे वागणे आता अशक्य कोटीतले राहिले नाही.

आइल्स यांच्या गटाने लगेच पेशींवर करून पाहिले. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींना बाहेरून मुक्त बीटा, म्हणजे अल्फाशी न जोडलेली बीटा साखळी, दिल्यावर त्यांची संख्या वाढली. 1996 मध्ये ते प्रसिद्ध झाले. पेशी जास्त वेगाने विभागत होत्या म्हणून ही वाढ होती का? 2000 साली स्टीफन बटलर आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले: विभागणीचा वेग तेवढाच होता, मरणाऱ्या पेशी कमी झाल्या होत्या. शरीरात बिघडलेल्या पेशीने स्वतःला संपवावे अशी व्यवस्था असते. मुक्त बीटा त्या व्यवस्थेला अडवते. हे नेमके कोणत्या ग्राहीच्या मार्फत घडते ते अजून पक्के झालेले नाही, आणि पुस्तकात त्याविषयी जो संयम पाळला आहे त्याचे मला कौतुक वाटते.

जनुकांच्या बाजूनेही पुरावा आहे. बीटा साखळीची जनुके 19 व्या गुणसूत्रावर एका झुबक्यात आहेत, एकसारखी पण तंतोतंत एक नव्हेत. फ्रान्समधले डोमिनिक बेलेट आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवले की निरोगी मूत्राशय किंवा स्तनाच्या ऊतींत थोडेसे चालू असलेले जनुक साखळीतल्या 117 व्या जागी अॅलानिन बसवते; पेशी कर्करोगी झाली की वारेत वापरली जाणारी भावंडे जागी होतात आणि त्या जागी अॅस्पार्टेट येते. सरसकट सगळी जनुके उघडत असती तर असा नेमका पालट दिसला नसता. या एका जागेच्या फरकाविषयीचे प्रकरण वाचकाने सावकाश वाचावे; माझ्या मते पुस्तकाचा गाभा तेच आहे.

मग ही खूण सांगते काय? जी पेशी मरण टाळायला शिकली आहे तिच्याकडून हे प्रथिन येत असेल, तर ते रोगाच्या स्वभावाविषयी बोलेल. रुग्णांतले निष्कर्ष त्याच दिशेचे आहेत. लंडनमध्येच 1989 मध्ये गाठीचे तुकडे रंगवून पाहिले गेले. ज्यांत एचसीजी दिसले त्या गाठी किरणोपचाराला कमी दाद देत होत्या. पसरलेल्या रोगासाठी केमोथेरपी घेणाऱ्यांत रक्तातला आकडा उपचाराबरोबर उतरतो किंवा चढतो असे अनेक रुग्णालयांनी नोंदले. 2014 मध्ये साउथहॅम्प्टनच्या गटाने दाखवले की इतर घटक लक्षात घेऊनही रक्तातले बीटा एचसीजी वाढलेले असणे हे आयुर्मान कमी असल्याचे स्वतंत्र चिन्ह आहे. अस्तरावरची लहान, सौम्य गाठ या चाचणीत दिसत नाही याचे कारण चाचणी दुबळी असणे हे नव्हे. त्या गाठीला अजून या प्रथिनाची गरज पडलेली नसते. लघवी तपासून गाठ आहे का, हे विचारणाऱ्यांनी त्या नकाराचा अर्थ चाचणी वाया गेली असा लावला. रोग आहे हे ठाऊक असताना तो किती हट्टी आहे आणि औषधाला ऐकतो आहे का, हे विचारणाऱ्याला तीच चाचणी उत्तर देते.

मोजण्याच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. मूत्रपिंडात बीटा साखळीची कापाकापी होऊन तिचा गाभा तेवढा लघवीत उतरतो. शेपटी गळलेली असते. चाचणीचा एखादा संच शेपटी ओळखत असेल तर त्याला हा गाभा दिसतच नाही. दुसरा संच पूर्ण हार्मोन आणि मुक्त बीटा दोन्ही मोजतो, तिसरा मुक्त बीटाला अर्धवटच पकडतो. एकाच नमुन्याचे आकडे त्यामुळे वेगवेगळे येतात. हा गोंधळ आवरण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने एचसीजीच्या सहा वेगवेगळ्या रूपांची संदर्भ-द्रव्ये उपलब्ध केली. शिवाय रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत पिट्युटरीही थोडेसे एचसीजी सोडते, आणि मूत्रपिंड निकामी झालेल्यांत ते साचते. पुरुषाच्या रक्तात ते एरवी लिटरमागे दोन-तीन युनिटांच्या आतच असते. गरोदरपणात एक लाखापर्यंत जाणारे हे हार्मोन मूत्राशयाच्या रोग्यात बहुधा काही दहांपासून शेकड्यांपर्यंतच चढते. तेव्हा दहा-वीस युनिटांच्या चुकीलाही इथे मोठी किंमत पडते.

ही किंमत किती असू शकते ते 1990 च्या दशकाच्या अखेरीस लॉरेन्स कोल यांनी उजेडात आणले. अमेरिकेत काही तरुण स्त्रियांच्या रक्ताची चाचणी एचसीजी सतत थोडेसे वाढलेले दाखवत होती. गर्भ नाही, गाठ नाही, तरी कर्करोग समजून त्यांना केमोथेरपी दिली गेली, काहींची गर्भाशये काढली गेली. त्यांच्या रक्तात एचसीजी नव्हतेच. त्यांच्या शरीरातली काही प्रतिपिंडे चाचणीतल्या प्राण्यांच्या प्रतिपिंडांना चिकटून खोटा आकडा निर्माण करत होती. अशी मोठी प्रतिपिंडे लघवीत उतरत नाहीत, म्हणून रक्तात हार्मोन आणि लघवीत काहीच नाही असे दिसले की शंका घ्यावी, हा नियम तिथून आला. ली यांच्या कथेवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी या स्त्रियांची हकीकतही तितक्याच गंभीरपणे वाचली पाहिजे, आणि पुस्तकात त्या दोन्ही एकाच प्रकरणात आहेत याचा मला आनंद वाटतो.

या हार्मोनच्या कथेत भारताचे एक ठळक पान आहे. जी. पी. तलवार यांनी बीटा साखळी धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाला जोडून तिच्याविरुद्ध लस तयार केली. उद्देश कुटुंबनियोजनाचा होता. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 1994 मध्ये प्रसिद्ध झाले: लस घेतलेल्या 148 स्त्रियांपैकी 119 जणींच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली, आणि त्या पातळीच्या वरच्या 1224 मासिक चक्रांत एकच गर्भधारणा झाली. माणसाचे शरीर स्वतःच्याच या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे बनवू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. कर्करोगी पेशी ज्या प्रथिनावर तगते ते प्रथिनच असे काढून घेता येईल का, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. अमेरिकेत बीटा साखळीवर आधारित एक लस मूत्राशयाच्या स्नायूत उतरलेल्या कर्करोगासाठी चाचणीत आली, पण रुग्ण मिळण्याचा वेग इतका कमी होता की ती पूर्णत्वाला गेली नाही. ती अपयशी ठरली असे म्हणता येत नाही, कारण ती तपासलीच गेली नाही. मला हे खटकत राहते.

बीटा एचसीजीला मूत्राशयाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या तपासण्यांत अद्याप जागा मिळालेली नाही. पसरलेल्या रोगासाठी केमोथेरपी किंवा इम्युनोथेरपी सुरू करण्यापूर्वी एकदा आणि नंतर दर फेरीला एकदा ते मोजावे, अशी सूचना पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात आहे, आणि मी तिच्या बाजूचा आहे. गरोदरपणासाठी लागते म्हणून ही चाचणी तालुक्याच्या गावातल्या प्रयोगशाळेतही होते आणि स्कॅनच्या मानाने फार स्वस्त पडते. आकडा वाढलेला असणाऱ्या रुग्णात स्कॅन करण्याची वेळ येण्याआधी ती काही सांगू शकते. मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच प्रयोगशाळा, एकच संच ठेवावा, संचाचे नाव अहवालावर लिहून घ्यावे, आणि संच मुक्त बीटा मोजतो की नाही हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारावे.